हसऱ्या पोराचं लग्न

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपलं एक भांडण मी अजून एकटाच भांडतो आहे. तू म्हणायचीस, मामाचा पोरगा बरा झाला, तसा तुझा धाकटा भाऊही होईल. अकोल्याला तो पोरगा खाटेच्या कडेला बसलेला आपण दोघांनी पाहिला होता. त्याचा हात उचलून ठेवला तर तसाच वर राहायचा, तोंडातला घास तोंडातच. नागपूरला विजेचे झटके दिले आणि पुढच्या हंगामात तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. त्याच्यापुढे आपला धाकटा किती शहाणा दिसायचा. हातानं जेवायचा, कोणाच्या अंगावर जायचा नाही, नुसता गालात हसायचा.

मी सातवी शिकलेला, राजापेठेत घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. पण डॉक्टरांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश जवळ घेऊन मी पुरतं वाचलं, याचा मला आजही अभिमान आहे. चुलीपुढे बसून तुला समजावलं होतं: आजार एकच, स्किझोफ्रेनिया, पण तऱ्हा वेगळ्या. पॅरानॉइड असतो त्याला वाटतं, लोक आपल्यावर टपले आहेत, जेवणात विष घालतात. बोलणं मात्र त्याचं बरंचसं जुळलेलं राहतं. मामाच्या पोरासारखा एकाएकी गोठतो तो कॅटॅटोनिक, तो पुष्कळदा परत येतो. आपला हेबेफ्रेनिक. मिसरूड फुटायच्या वयात हळूहळू सुरू होतं, भलत्या वेळी हसू येतं, बोलण्याचा धागा तुटतो, आणि माणूस आतून ओसरत जातो. तो सहसा परत येत नाही. तू भाकर थापता थापता म्हणालीस, "तुह्या पुस्तकात त्याचं नाव हाय काय? नाही ना. मंग लगन होऊ दे, आपोआप सुदरते."

मग अकोल्याहून एका मुलीचा बाप घर पाहायला येतो. चहा घेताना सांगतो की मुलीची आई उन्हाळ्यात वारली, आणि धाकटा हसतो. तू पदर सावरत म्हणतेस, "लाजरा हाय जी, पाव्हन्यांसमोर असंच करते." मुलीचा बापही कसनुसा हसला; पोरगी उजवायची घाई त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो आणि आजाराचं सगळं सांगितलं; सोयरीक तिथेच मोडली. परत आलो तेव्हा तू ताट वाढून ठेवलं होतंस, आणि मी काय बोलून आलो ते ओळखलं होतंस. "जेव," म्हणालीस, "तू भाऊ नाही राह्यला आता, डाक्टर झाला." त्यानंतर धाकट्याशी बोलताना 'बरा झाल्यावर' हे शब्द तुझ्या तोंडून कधी आले नाहीत.

तो आता ओट्यावर बसला आहे. त्याची आंघोळ, दाढी मीच करतो. हसणंही जवळजवळ थांबलं. पुस्तकात होतं तसंच सगळं झालं, आणि बरोबर ठरल्याचं सुख मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. त्या पोरीचं नंतर चांगल्या घरी लग्न झालं असं ऐकलं. मी केलं ते योग्यच होतं, आजही तेच करीन. पण माझी नजर अधू होत चालली आहे, घरात तिसरं कोणी नाही. माझ्यामागे याला कोण जेवू घालेल हा विचार आला की वाटतं, त्या दिवशी बस लवकर सुटली असती, मला बोलायला वेळ मिळाला नसता, तर बरं झालं असतं. तू समोर असतीस तर हे कबूल केलं नसतं.