बिनबुवाची रेकॉर्ड

मुक्काम पिपरी मेघे, वर्धा
माघ महिना, सन एकोणऐंशी

चिरंजीव रूपराव यास,

तुझ्या मोठ्या बहिणीचा, रुख्माचा, सिंदीपर्यंत पोचेल एवढा आशीर्वाद. तुझ्या पाठीतली उसण उतरली का? ओव्याची पुरचुंडी करून शेकाले सांगितलं होतं, ते तू केलं नसशील, म्हणून विचारून राह्यली. माझं बरं आहे. दात गेले त्याले आता इतके दिवस झाले की त्याईची आठवणही येत नाई. अक्षर माझ्या नातीचं, अण्णाजीच्या सुधीचं आहे, बोलणं माझं. (ती 'मला' लिहून राह्यली होती. लिहिता लिहिता पुटपुटते, म्हणून समजलं. म्हटलं, 'मले' लिही, नाई तर माझ्या भावाले वाटन की कोण्या मास्तरीणबाईचं पत्र आलं.)

तुझं कार्ड अण्णाजीनं वाचून दाखवलं. सेलूचे सदाशिवराव तुझ्या ओसरीत बसून म्हणाले म्हणे, की तुमच्या बहिणीच्या घरानं आमची थट्टा केली. पोट्टीले गाणं म्हण म्हटलं तर आम्हाले बुवाची वाट पाहत बसवलं, आणि बुवा काही आला नाई. त्याईच्या माधवचं स्थळ आमच्या सुधीसाठी तूच आणलं, म्हणून जाब तुले विचारला, आणि तू तो मले विचारून राह्यला. बरोबर आहे. मधल्या माणसानं असंच कराव. आता काय झालं ते नीट ऐक.

पहिले त्या रेकॉर्डचं सांगते, नाई तर पुढचं समजणार नाई. अण्णाजीच्या कचेरीतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा अण्णाजीनं त्याचा रेकॉर्ड वाजवाचा डबा घेतला. डब्यासोबत भजनाच्या रेकॉर्डी आल्या. एक मात्र सुधीची आहे. नागपूरच्या कॉलेजातली हिची मैत्रीण मीरा लग्न होऊन सासरी गेली, तिथं डबा नाई, म्हणून हिले देऊन गेली. वर एका दाढीवाल्या गोऱ्याचा फोटो आहे, छातीशी गिटार, डोळे मिटलेले, तोंड असं की दाढ दुखून राह्यली. मी म्हटलं, याले लवंग द्या कोणी.

पहिल्यांदा लावली तेव्हा मीही वाट पाह्यली, रूपराव. आपल्याकडं कसं, पेटीवाला सूर धरते, मृदंगवाला ठोकून पाहते, टाळकरी उगाच छन् छन् करतात, आणि हे चांगलं वीस मिनिटं चालल्यावर बुवा घसा खाकरते. तसंच मले वाटलं. म्हटलं, वाजवणारे बरे आहेत, बुवा तंबाखू थुंकाले गेला असन. अशी वाट पाहता पाहता एक बाजू संपली. सुधी म्हणे, आजी, यात गाणारा नाहीच. म्हटलं, मग हे सगळे जमले कशाले?

मग तिनं फिरून लावली, आणि मी बुवाचा नाद सोडून ऐकली. तर पाह्य, पेळूतून सूत काढताना ते कसं लांब लांब येत जाते, आता तुटन, आता तुटन वाटते, आणि हात चांगला असला तर तुटत नाई. तसा त्या गिटारवाल्याचा एकच सूर निघत जाते. मागं ढोलवाला असा वाजवते की पत्र्यावर माकडं उतरली. मी बोटावर मात्रा मोजाले गेली तर दरवेळी एक बोट उरते. (तीन रोज मोजली. सुधीची आई म्हणे, आजीनं जप धरला.) पण समेवर सगळे एकदम येऊन बसतात, कोणी कोणाले हाक न मारता. एका जागी गिटार आणि एक बिजलीची पेटी भांडतात. हा बोलते, तो तेच वाकडं करून परत देते, पण कोणी कोणाले मधात तोडत नाई. इतकं सभ्य भांडण मी आपल्या खानदानात पाह्यलं नाई. आता दुपारी निजाच्या आधी मले ती लागते. अण्णाजी म्हणते, आई, हे इंग्रजी आहे. म्हटलं, मले तर यात एकही इंग्रजी शब्द ऐकू आला नाई, तुले आला का?

तर पाव्हणे आले. सदाशिवराव, त्याईच्या मंडळी सुलोचनाबाई, आणि पोट्टा. पोट्टा वीज मंडळात आहे, हे तू सांगितलंच होतं. खाली मान घालून असा बसला की सुधीले पाहाले आला की आमची फरशी, ते समजेना. स्वयंपाकाचं विचारून झालं, शिवणाचं झालं, मग सदाशिवराव म्हणे, एखादं भजन म्हण बेटा. सदाशिवराव सेलूच्या भजनी मंडळाचे बुवा, त्याईचं विचारणं वाजवी. सुधी म्हणे, मला गाता येत नाही, ऐकता येतं. एक लावू का? (हे वाक्य कॉलेजातलं आहे, आमच्या घरातलं नाई.) ते म्हणे, लाव, लाव. हातातला लाडू त्याईनं बशीत ठेवला, टोपी नीट केली, मांडी घातली. भजनात खात नाईत ते.

आणि हिनं तो दाढीवाला लावला.

एरवी त्या वेळेले लाईन जाते. रोज जाते. त्या दिवशी गेली नाई, पोट्टा त्याच खात्यातला म्हणून असन. सदाशिवराव डोळे मिटून बसले. जरा वेळानं एक डोळा उघडून अण्णाजीले विचारलं, बुवा केव्हा सुरू करतात? आता अण्णाजीनं तिथंच सांगाव की नाई, बाप्पा? पण त्याचा स्वभाव तुले ठाऊक आहे. साहेबापुढं असते तसा होऊन म्हणे, येतीलच आता. मग दर थोड्या वेळानं सदाशिवराव पाहत आणि हा म्हणे, येतीलच. चहावर साय आली. सुलोचनाबाईनं डब्याच्या मागं एकदा वाकून पाह्यलं. बाजू संपली, सुई खर्र खर्र कराले लागली, तवा सदाशिवराव म्हणे, बुवा आले नाईत वाटते. मी म्हटलं, गाडी चुकली असन.

एवढंच म्हटलं, भाऊ. हसली सुधीची आई, आणि ते तोंडाले पदर लावून. पण सदाशिवराव उठले.

आता जे त्याईनं तुले सांगितलं नसन ते सांगते. गिटार आणि पेटीचं भांडण लागलं तवा त्या पोट्ट्याचा गुडघा हलाले लागला, आणि बरोबर समेवर थांबला. मले अजून एक बोट उरते, त्याले उरलं नाई. आणि बाप चपला घालून राह्यला होता, तवा हा डब्यापाशी येऊन सुधीले म्हणे, दुसऱ्या बाजूला काय आहे? आल्यापासून तेवढंच बोलला. सुधी म्हणे, यापेक्षा चांगलं. तेवढ्यात बापानं बाहेरून हाक मारली.

तर झालं ते असं. मले त्याचं सुखदुःख नाई. पोरीले स्थळं येतात, जातात. अण्णाजीनं तर पुढल्या रविवारी दुसरे पाव्हणे बोलावले. त्याईले पेटी वाजवणारी सून पाहिजे, म्हणून सुधीसमोर पेटी आणून ठेवली आहे. ती तिच्यावर कपडे वाळवते.

सर्वांले यथायोग्य सांगजो. सांगणारी रुख्माबाई, लिहिणारी सुधा. चूक असन ती पेनाची.

ता. क. सदाशिवरावले म्हणजो, रुख्माबाईनं येत्या एकादशीले घरी भजन ठेवलं आहे आणि तुमच्याशिवाय बुवा मिळून नाई राह्यला. ते येतील, बोलावल्यावर न येणारा बुवा मी अजून पाह्यला नाई. एकादशी रविवारच्या आधी येते, हे अण्णाजीच्या ध्यानात आलं नाई, तू आणून देऊ नको. टाळ धराले माधवले सोबत आणा म्हणजो. सदाशिवराव एकदा बसले की दोन घंटे उठत नाईत, तेवढ्यात तो मधल्या खोलीत दुसरी बाजू ऐकून घेईन. दार उघडं राहीन, आणि दारात मी बसली राहीन.

ता. क. दुसरा. सुधीले तो पोट्टा पसंत आहे. बाप विचारते तर तुम्ही म्हणाल तसं म्हणते, आई विचारते तर भाजी निवडाले घेते, आणि मी विचारलं तर म्हणते, आजी, पुढं काय लिहू? म्हणून हे लिही म्हटलं. पेन तर चालून राह्यलं आहे, पण तिनं हे लिहिलं की दुसरंच काही, ते मले वाचता येत नाई. तू हे वाचून राह्यला असशील, तर तिनंच लिहिलं आहे. मग तिले आणखी काही विचारू नको.