मस्कतला पंप विकणारा माणूस

अण्णा, रविवारी आम्ही नवराबायको दुपारच्या खेळाला हिंजवडीला गेलो होतो. परदेशात माल विकायला गेलेल्या माणसाचा सिनेमा आहे असं कळलं, म्हणून मीच हट्टानं तिकिटं काढायला लावली. वाटलं, तुमची तिकडची तीन वर्षं बघायला मिळतील. कसलं काय! नायक खिडकीतून समुद्राकडे बघत उसासे टाकतो, घरी फोनवर सगळं झकास चाललंय म्हणून थापा मारतो, आणि शेवटी एक शेख खूश होऊन त्याचा सगळाच माल घेतो. हे खुर्चीत चुळबुळत म्हणाले, "अण्णा आपल्यासंगं आसते तर मध्यंतरातच घरची, घोटावड्याची वाट धरली आसती."

तुम्ही मस्कतला पाण्याचे पंप विकायला गेलात तेव्हा मी दहावीत होते. परत आलात ते उन्हानं रापून, आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलात. मी मात्र गावभर सांगत सुटले होते, आमचे अण्णा तिकडं मॅनेजर होते म्हणून. मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा आईलाही तेच पढवून ठेवलं. स्थळ चांगलं होतं, मुलगा मला फोटोत आवडलाही होता. मी पोह्यांच्या बश्या घेऊन येतेय, तोच मुलाच्या वडलांनी विचारलं, "तिकडं मॅनेजर व्हता म्हणे तुमी?" आणि तुम्ही हसून म्हणालात, "मॅनेजर कुटला? दारोदार फिरून पंप इकायचो. लई जण दार बी उघडायचे न्हाईत. न्हाई जमलं, आलो माघारी."

पोहे खाऊन पाहुणे गेले ते गेलेच. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. मग एका सकाळी मी भाकरी थापतेय, तुम्ही येऊन शेजारी बसलात. "रागावलीस व्हय?" मी परातीतली भाकरी आणखी जोरात थापायला लागले. तुमचा आवाज चढला. "हरून आलो त्याची मला लाज न्हाई, तुला का गं? खोटं सांगून नांदाया गेली आसतीस, तर जलमभर ते खोटं सांभाळत बसली आसतीस." तव्यावरची भाकरी करपली. तीच तुम्ही ताटात घेतलीत आणि खाल्लीत.

तेव्हा काही पटलं नाही. दोन वर्षांनी हे मला बघायला आले. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, आणि हे हातातली बशी खाली ठेवून विचारायला लागले, "मग भाषा यायची का तुमाला?" तुम्ही उठून तिकडचा सलाम करून दाखवलात, कुणी तोंडावर दार लावलं की कसे उभे राहायचात तेही दाखवलंत. सगळी बैठक हसतेय, आई पदर तोंडाला लावून हसतेय. यांच्याकडं मी नीट बघितलंच नाही त्या दिवशी, पण होकार दिला. बरं चाललंय आमचं. आता मीही एका कारखान्याचे पुठ्ठ्याचे खोके विकत फिरते. कुणी नको म्हणालं, तर घरी येऊन तसंच सांगते आणि पोटभर जेवते.

पत्रानं कळवण्याजोगं यात काही नाही, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. फक्त एक. त्या टुकार सिनेमात नायक भर दुपारी भिंतीच्या सावलीला उकिडवा बसून कोरडा पाव खातो. लोक मोबाईल बघत होते, आणि माझे डोळे भरून आले. तीन वर्षं दुपारचं तुम्ही कुठं बसून काय खात होता, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही, अण्णा.