दारातले पाय

ताई, तुला नमस्कार, पिल्लाला गालगुच्चा.

मी मजेत आहे. स्टुडिओत आता संगणकावर फोटो दुरुस्त करायला शिकतेय. परवा एका नवरदेवाचा कानच पुसला माझ्या हातून! मालक ओरडले, पण तसे बरे आहेत. माझा पासपोर्टसुद्धा तेच कपाटात जपून ठेवतात, किल्ली कुणाला देत नाहीत. त्यामुळे यंदाही येणं काही जमत नाही. आईला कपाटाचं सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

सरावासाठी मी संगणकावर माझा फोटो कापून आपल्या घराच्या फोटोत, दारात लावला. पण मूळ फोटो काउंटरमागचा, म्हणून कमरेखाली मी नाहीच. नुसती हवेत तरंगतेय!

तू दारात उभी राहून तुझ्या पायांचा फोटो पाठव ना. आपले पाय सारखेच आहेत. तेवढे जोडले की मी पोचले.

तुझं शेंडेफळ