राऊटर खिडकीत नेला

तीर्थरूप बाबा,
रागावला असाल, तरी नमस्कार घ्याच.

तुम्ही ‘परत ये’ म्हटलं की मी फोन कट करते, असं तुम्ही आईला सांगितलंत म्हणे. साफ खोटं! इथे राऊटर मायक्रोवेव्हला खेटून ठेवला होता आणि घरमालकीणबाई नेमक्या आपल्या बोलण्याच्या वेळी जेवण गरम करायच्या. मायक्रोवेव्ह सुरू झाला की वाय-फाय बिघडून तुमचा आवाज तुटायचा आणि फोन बंद पडायचा. कंपनीचा माणूस येऊन हात हलवत परत गेला. शेवटी मीच शोधून काढलं.

काल राऊटर खिडकीत नेला. बाई कुरकुरल्या, पण मी ऐकलं नाही.

जेवते वेळेवर. एकटीने जेवायचीही सवय झालीय. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी फोन करा आणि खुशाल ‘परत ये’ म्हणा. आता माझं ‘नाही’ तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल.

तुमच्यावरच गेलेली,
धाकटी