ओट्यावर विचारलेला प्रश्न

मेलकावेरी, कुंभकोणम्

चि. सौ. कीर्तीस आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचं पित्त? धाकटीचा खोकला उतरला का?

तू म्हणालीस म्हणून कर्जवाल्या बायकांच्या गटाला मी आपला ओटा बसायला दिला. परवा तुझ्या कर्ज देणाऱ्या ऑफिसातली पोरगी येऊन एकेकीला विचारून गेली, "कर्जानं बरं झालं ना?" हप्ते गोळा करणारा माणूस तिच्या मागेच उभा! सगळ्या म्हणाल्या, "बरं झालं."

ती गेल्यावर मी इडलीवाल्या सेल्वीला टोकलं, "अगं, हप्ता चुकला तेव्हा ह्याच बायका तुझ्या दारात ठाण मांडून बसल्या होत्या ना?"

ती मला पाट्टी, म्हणजे आजी म्हणते. म्हणाली, "पाट्टी, खरं बोलले तर पुन्हा बसतील. माझा हप्ता चुकला की त्यांचंही पुढचं कर्ज अडतं. तेव्हापासून लेक लाजून मागच्या दारानं घरात येते."

कीर्ती, त्या माणसाला तिथं कुणी उभं केलं? तुला ठाऊक होतं? नोकरी तुझी, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला हात धजत नाही. ठाऊक नसेल तर एकटी ये, सेल्वीच्या चुलीपाशी बसून विचार. ठाऊक असेल तर तसं लिही, पण लवकर लिही. तोवर ओट्यावर मी कुणाला बसू देणार नाही.

तुझी,
वरलक्ष्मी आत्या