घंटेचा लोळा

बांडाबाऊ, कुरासाओ बेट, कॅरिबियन
१४ ऑक्टोबर १९९८

चि. रुडसेल यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. शेळीला दोन करडं झाली, त्यातलं एक अगदी तुझ्यावर गेलंय, उगाच ओरडत असतं. पावसाचा पत्ता नाही, वारा मात्र छपरं उचलायला बसलाय. माईचं बरं आहे. म्हणजे, आता बरं आहे.

तू लिहितोस, "नेलंयस ते शनिवारच्या आत परत कर, नाहीतर उद्‌घाटनाला साहेबांपुढे माझी शोभा होईल." होऊ दे. रॉटरडॅममध्ये बसून तुमच्या कंपनीने मळ्यावरच्या बंगल्याचं हॉटेल करायचं ठरवलं, मी काही बोलले नाही. स्वयंपाकाला मला ठेवलंत, आनंदाने राहिले. पण गवतात पडलेली जुनी घंटा पुन्हा टांगायची कल्पना तुझी, हे मला तुमच्या मॅनेजर मार्लूसबाईंकडून कळावं?

गेल्या महिन्यात त्यांनी ती वाजवून पाहिली. माई दारात बसून मक्याची फुंची खात होती. आधाराशिवाय ती उभी राहत नाही, तुला ठाऊक आहे. घंटा ऐकली आणि ताट ठेवून ताडकन उठली. "लुडविना, माझी टोपली कुठंय गं? शोन ओरडतील!" आणि पायरीवर कोसळली. हनुवटीला टाके पडले. तुला कळवणार नव्हते.

मळ्याचा तो मालक, तो शोन, कधीच मातीत गेला, रुडसेल. गुलामी तर माईच्या जन्माआधीच उठली होती. पण जमीन त्यांचीच राहिली, आणि तिच्यावर झोपडी ठेवायची तर घंटा झाली की फुकट राबायला धावायचं. तू विसरलास. तिचे पाय विसरले नाहीत.

टाके घालून तिला घरी आणलं आणि मी तशीच बंगल्यावर गेले, भर दुपारी सगळ्यांसमोर शिडी लावली आणि घंटेच्या पोटातला लोखंडी लोळा काढला. मार्लूसबाई खालून ओरडल्या, "अहो, पाहुण्यांना जेवायला बोलवायचंय त्याने! गंमत म्हणून!"

"जेवायला? ती वाजली की आमचं जेवण थांबायचं, बाई."

"नोकरी नकोय का तुम्हाला?"

"हवीय. पण लोळा मिळायचा नाही."

नोकरी गेली. लोळा आणून माईच्या मांडीवर ठेवला. तिने दोन्ही हातांनी तोलून पाहिला. "एवढाच?" म्हणाली, आणि टाके ताणले जाईपर्यंत हसली.

आता तो दाराशी असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. पोलीस पाठवायचे तर खुशाल पाठव, त्यांनाही फुंची वाढीन. माफी मागायची असेल तर तूच ये आणि तिच्याकडे माग. मी कुणाची मागणार नाही.

काल चर्चची घंटा झाली. मी घाबरून माईला धरायला धावले. तिने मान वर केली, आणि पुन्हा ताटात हात घातला.

"वाजू दे," म्हणाली. "मी जेवतेय."

घंटेला न उठणाऱ्या माईची लेक,
लुडविना