हरणीला कोण शीळ घालतं

शुक्रवार, ७ मार्च २०२५. संध्याकाळ

पोचलो एकदाचे! मी आणि हरणी. उद्या दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. उमरीच्या शाखेत बदली होऊन आले तेव्हापासून ठरवत होते, की एकदा तंबू घेऊन डोंगरावर जायचं. साक्षी येणार होती, तिने ऐनवेळी पाय मागे घेतला. लातूरला आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, सोबत कोण? म्हटलं, हरणी. म्हणाली, तसं नव्हे, माणूस कोण?

माणसं आहेत की. सगुणाबाईंचं बचतगटाचं खातं आमच्याकडे. त्यांनीच बोलावलं होतं. त्यांचे मालक रामकिशनभाऊ बाजारात हरभरा घालून परत निघाले होते, त्यांच्या टेम्पोत आम्ही दोघी बसलो. हरणी वाटभर तोंड बाहेर काढून वारा खात होती. उदगीरकडून आणलेली कारवानी कुत्री ती, पळायला मोकळी जागा दिसली की वेडी होते.

तंबू शेतातच लावलाय. मागे डोंगर, त्यावर पळस असा पेटलाय की बघत राहावं. रेंज शेतात येते-जाते. रोजनिशी मोबाईलमध्येच लिहिते, त्यामुळे काही अडत नाही.

शनिवार, ८ मार्च. सकाळ

गाढ झोप लागली. हरणी पायांवर पसरली होती.

सगुणाबाईंनी चहा दिला आणि वर जाताना खायला भाकरी-ठेचा बांधून दिला. मी म्हटलं, आज वरच तंबू लावते. भाऊ म्हणाले, वर पाणी न्हाई, दिवस कलायच्या आत खाली या. आणि कुत्र्याला मोकळं सोडू नका. बिबट्या आहे का, असं विचारलं तर म्हणाले, बिबट्या न्हाई.

शनिवार, ८ मार्च. दुपार

माथ्यावर आहे. चढ सोपा, वर सगळा माळ. दूरवर गोदावरीकडची हिरवी पट्टी दिसते. खूप फोटो काढले. आजूबाजूला कुणी नाही म्हणून हरणीचा पट्टा सोडला, ती तितर उठवत गोल गोल पळाली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग ती मधेच थांबली. कान टवकारले. मलाही ऐकू आली, बारीक, लांबट शीळ, शेवटी वर चढणारी. गुराखी असेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. माळावर लपायला एक झुडूपसुद्धा नाही.

हरणी शेपटी हलवत गेली आणि थोड्या अंतरावर बसली. माझ्याकडून भाकरी हवी असली की बसते, अगदी तशी. मान वर करून. समोर कुणी नव्हतं.

मी हाक मारली. तिने बघितलंही नाही. मी जवळ गेले. तिच्या मानेवरची लव दबत होती. कपाळापासून पाठीकडे, सावकाश, परत परत. कुणीतरी हात फिरवावा तशी.

पट्टा लावला. ओढत खाली निघालेय. एका झाडाखाली दम खाते आणि हे लिहून ठेवते. वारा असेल. पण झाडाचं पानही हलत नाहीये.

शनिवार, ८ मार्च. दिवस मावळताना

खाली येऊन सांगितलं. रामकिशनभाऊ उठून बाहेर गेले. सगुणाबाईंनी जवळ बसवून घेतलं.

सिद्रामप्पा नावाचा एक मेंढपाळ दरवर्षी कर्नाटकाकडून येऊन इथल्या शेतांत मेंढरं बसवायचा. शेतकरी त्याला धान्य द्यायचे, मेंढरांचं खत रानाला मिळायचं. एकटा जीव. ना बायको ना लेकरू, एक कुत्रं होतं. एका वर्षी माळावर गारपीट झाली. तो मेंढरं घेऊन खाली आला, पण कुत्रं आलं नव्हतं. लोकांनी धरून ठेवला, तरी हात सोडवून वर गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ आणि चार जणांनी त्याचं प्रेत उतरवून आणलं. अंगावर गारांचा मार नाही अशी जागा राहिली नव्हती. कुत्रं सापडलंच नाही.

तेव्हापासून तो कुत्र्याला बोलवून राहिलाय, असं सगुणाबाई म्हणाल्या. गावातली बरीच कुत्री वर गेली. एकदा आंबेवाल्यांचं पोरगं कुत्र्यामागं गेलं, तेही आलं नाही.

मग माझा हात धरून म्हणाल्या, "म्याडम, कुत्रं गेलं तर जाऊ द्या. तुमी मागं जाऊ नका."

मी लगेच निघायला तयार होते. पण टेम्पो भाऊंच्या भावाने नांदेडला नेलाय, उद्या दुपारी येईल. हरणीला गोठ्यात बांधलंय. मी घरातच झोपणार आहे.

रविवार, ९ मार्च. सकाळ

हरणीने भाकरी हुंगलीसुद्धा नाही. डोंगराकडे तोंड करून उभी. शीळ उजेडातही येते आता. सगुणाबाई रेडिओ मोठ्याने लावून भाकऱ्या थापतायत.

मी तिचं डोकं कवेत घेऊन बसलेय. ती थरथरते. भीतीने नाही. जायचंय तिला.

रविवार. दुपार

आभाळ काळं झालं. भाऊ हरभऱ्याच्या ढिगावर ताडपत्री टाकायला पळाले, मी एक टोक धरायला गेले. तेवढ्यात हरणी सुटली. या जातीची डोकी निमुळती, पट्टा कानांवरून सरकला. रिकामा पट्टा दाव्याला लोंबतोय.

डोंगराच्या वाटेवर दिसली. मग दिसेना.

सगुणाबाईंनी माझा दंड धरलाय. सोडत नाहीत. म्हणतात, माझ्या लेकराची आण हाय. पण वीतभर होती तेव्हा आणली मी तिला. दुधात बोट बुडवून पाजलंय. कुणाच्या हाकेला कशी देऊ?

जाते.

रविवार. माळावर

गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. डोक्याला लागलं, रक्त आहे, फार नाही. माळाच्या कडेला खडकाची एक कपार सापडली, आत बसलेय. हाका मारून घसा गेला.

शीळ थांबलीय.

रविवार. तिथेच

आली! हरणी आली! गारांतून सरळ कपारीत शिरली आणि मांडीवर डोकं ठेवलं. रडले मी. ओली गार आहे. ओढणीने पुसते पण ऊब येत नाही. इतकी पळून आली तरी धापा कशी टाकत नाही—

गारा थांबल्या की उतरू.

तिथेच

फोन लागला. सगुणाबाई. आवाज तुटत होता.

"म्याडम, कुठं हाव? हरणी हितं हाय! गोठ्यात येऊन बसली, म्हशीच्या पायात. गारा लागल्यात, पण बरी हाय. तुमी या बाई खाली—"

मागे हरणी भुंकली. तिचाच आवाज. मी ओळखते.

रेंज गेली, फोन कटला.

मांडीवर वजन आहे.

मी खाली बघत नाही. पुसायचीही थांबले. ते अंग लावून— श्वास नाही त्याला. पोटाला हात लागलाय माझा, हलत नाही पोट—

शीळ. अगदी बाहेर.

ते उठलं. शेपटी हलवतंय. बाहेर जाऊन उभं राहिलं. हरणी नाही. केस लांब, गळ्यात लोकरीचा दोर. इतका वेळ कशी मी—

निघायला हवं. तो उतारावर नाही तोवर.

बाहेर सगळीकडे गारा पडतायत. एका जागी पडत नाहीत. माणसाच्या उंचीवर आपटून, फुटून, बाजूला उडतायत. खांदे दिसतात त्यातून. डोकं—

कुत्रं त्याच्यापाशी गेलं नाही. माझ्याकडे वळलं. ओढणी दातांत धरून ओढतंय. हळू. मेंढी वळवावी तसं—

सोडवली ओढणी. टाकून दिली.

ती जागा जवळ आली. कपारीच्या तोंडाशी गारा पडत होत्या, आता तिथेही पडेनात, म्हणजे तो—